पाइपचा ‘झुरका’ की ‘घुटका’?

नव्याने पाइप ओढू लागणाऱ्यांसाठी लिहिलेला एक इंग्रजी लेख मराठीत आणताना एका वाचकाला प्रश्न पडला आहे, की पाइपमधून सावकाश, थोडाथोडा धूर घेण्याला ‘झुरका घेणे’ म्हणावे, ‘दम मारणे’ म्हणावे, की त्यासाठी आणखी एखादा शब्द आहे.

क्रियापदाची अडचण नाही. विडी, चिलीम, सिगारेट आणि पाइप या चारींना ‘ओढणे’ चालते. ‘फुंकणे’ मात्र टाळावे, कारण त्यात बोलणाऱ्याची नापसंती उमटते. खरा प्रश्न नामाचा आहे.

‘दम’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ श्वास. चिलमीला ओली छापी (फडक्याचा तुकडा) गुंडाळून, मुठीतून ओढलेला धूर थेट छातीत उतरतो, म्हणून तिथे ‘दम’ चपखल बसतो. पाइपचा धूर तोंडातच खेळवून सोडायचा असतो, तेव्हा हा शब्द अर्थानेच बाद होतो. (छातीत न नेल्याने तो धूर निरुपद्रवी होत नाही; तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.)

‘संथ झुरके’ असा प्रयोग लेखनात आढळतो आणि तो चुकीचा नाही. तरीही ‘झुरका’ या शब्दात मला एक ओढ, एक जोर ऐकू येतो, आणि शिकणाऱ्याने टाळायचा असतो तो नेमका हाच जोर. जोराने ओढले की तंबाखू तापते, तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि जीभ चरचरू लागते. ‘जीभ भाजणे’ यापेक्षा इथे ‘चरचरणे’ अधिक नेमके आहे, कारण नेहमीच काही चटका बसलेला नसतो. म्हणून गरम चहाचा घेतो तसा ‘घुटका’ मी सुचवेन: मोजका, तोंडापुरता, घाई नसलेला.

धुराला पेयाचा शब्द लावणे कुणाला ओढूनताणून केलेले वाटेल. पण ‘धूम्रपान’ या शब्दातले ‘पान’ म्हणजे पिणेच, आणि ‘तंबाखू पिणे’ हा प्रयोगही मराठीत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचे नियम सांगताना, तोंडाने ‘धूमकवल’ पिणाऱ्याने तो धूर नाकावाटे सोडू नये, त्याने डोळ्यांना इजा होते, असे म्हटले आहे. तिथे तंबाखूचा संबंध नाही. ती पोर्तुगिजांमार्फत कितीतरी नंतर आली. पण जेवणापूर्वीच्या श्लोकामुळे सर्वांच्या परिचयाचा असलेला ‘कवळ’ इथे धुराला लागलेला पाहून मला फार आनंद झाला होता, कारण तोंडात मावेल तेवढाच धूर ही पाइपची सारी रीत त्या एका समासात आहे.

याच लेखात लागतील असे आणखी दोन शब्द. पाइपच्या भांड्यातली तंबाखू ‘ठासू’ नये, ‘चेपावी’. ठासणे बंदुकीच्या दारूला शोभते, आणि ठासलेल्या तंबाखूतून हवाच जात नाही. दुसरा ‘धुमसणे’. एरवी आपण तो रागासाठी किंवा असंतोषासाठी वापरतो. पण राखेखाली ज्वाळेवाचून जळत राहणे हा त्याचा मूळ अर्थ पाइपला तंतोतंत लागू पडतो. पाइप संथपणे ओढण्याच्या स्पर्धांमध्ये ३ ग्रॅम तंबाखू आणि आगपेटीच्या २ काड्या दिल्या जातात, आणि ज्याचा पाइप सर्वांत जास्त वेळ धुमसत राहतो तो जिंकतो. तिथे ‘जळत राहतो’ असे लिहिले, तर त्या खेळातले कसब वाचकापर्यंत पोचणार नाही.