आंब्याच्या पल्पला एकच व्हिस्कॉसिटी नसते

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं छोटं कॅनिंग युनिट आहे. हापूसचा पल्प तासाला २ हजार लिटर न्यायला दोन इंची, ३० मीटर लाइन टाकायची आहे. लॅबच्या ब्रूकफिल्ड मीटरवर (स्पिंडल फिरवून व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा मोजणारा) १० आरपीएमला ३७०० सेंटीपॉइज आलं आणि १०० आरपीएमला ७४०. पंपवाला ३७०० धरून म्हणतो ४ बार प्रेशर लागेल, मोठी मोटर घ्या नाहीतर लाइन तीन इंची करा. पण काकांच्या युनिटमध्ये अशीच लाइन आहे, तिथला गेज अर्ध्या बारच्या फारसा वर जात नाही. खरं कोणाचं?

उत्तर : काकांचा गेज खरा आहे दादा. पंपवाल्याने गुणाकार-भागाकार बरोबर केलाय, ३७०० घालून मलाही ४ बारच येतात, पण तो आकडा तुमच्या पाइपातला नाहीच. आमरस वाटीत कसा ढीग करून राहतो आणि डावाने जोरात ढवळला की कसा सैल पडतो बघा, पल्पचंही तेच, जितक्या वेगाने थर एकमेकांवरून घसरतील तितका तो पातळ वागतो. पाणी किंवा तेल असं करत नाही म्हणून त्यांना एक व्हिस्कॉसिटी पुरते.

तुमच्या दोन रीडिंगमध्येच सगळं आहे. आरपीएम १० पट झाले आणि व्हिस्कॉसिटी पाचवा हिस्सा उरली, म्हणजे पॉवर लॉमधला (ताण = के गुणिले शिअर रेटचा एनवा घात, शिअर रेट म्हणजे थर एकमेकांवरून घसरण्याचा वेग) एन साधारण ०.३ (पाण्याचा १ असतो). १० आरपीएमला स्पिंडलजवळ शिअर रेट अंदाजे २ प्रति सेकंद धरला तर के येतो ६ च्या आसपास. आता पाइपात बघा, ५० मिमी आतला व्यास, वेग सेकंदाला २८ सेंटीमीटर, तर भिंतीपाशी शिअर रेट निघतो ७२ प्रति सेकंद, आणि तिथे तुमचा पल्प ३७०० नाही, जेमतेम ३०० सेंटीपॉइजचा आहे. त्यावरून ३० मीटरला ०.५२ बार. ४ कुठे आणि अर्धा कुठे, आठपट फरक!

हे घर्षण मोजायची नीट रीत मेट्झनर आणि रीड यांनी १९५५ साली दिली. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) असा मांडायचा की एन आणि के त्यातच बसतात, मग लॅमिनार म्हणजे थराथराने शांत वाहणाऱ्या फ्लोला पाण्याचाच साधा नियम लागू होतो. तुमचा नंबर ३१ च्या आसपास येतो, टर्ब्युलन्स म्हणजे खळबळ २१०० च्या आधी येत नाही, त्यामुळे १९५९ चं डॉज-मेट्झनरचं टर्ब्युलंट समीकरण तुम्हाला लागणारच नाही. फक्त एक सांभाळा, फ्रिक्शन फॅक्टर (प्रेशरच्या सूत्रातला घर्षणाचा आकडा) काही पुस्तकांत १६ भागिले रेनॉल्ड्स असतो आणि काहींत ६४ भागिले, दोन्ही बरोबर, पण फॅक्टर एका पुस्तकातला आणि प्रेशरचं सूत्र दुसऱ्यातलं घेतलं की उत्तर चौपट चुकतं, हे मी चांगल्या इंजिनिअरांकडून झालेलं पाहिलंय.

तीन इंची लाइन मात्र टाकू नका. पाणी-तेल लॅमिनार असेल तर व्यास दीडपट केल्यावर प्रेशर पाचपट उतरतं, तुमच्या पल्पला जेमतेम निम्मं होईल, कारण रुंद पाइपात शिअर रेट पडतो आणि पल्प परत घट्ट होतो. वर दोन इंचीत ५९ लिटर पल्प अडकून राहतो तो तीन इंचीत १३२ लिटर होईल, आणि हंगामात रोज लाइन धुताना तो हापूस पाण्याबरोबर जाताना बघवणार नाही तुम्हाला.

मीटरपेक्षा भारी उपाय काकांकडेच आहे. त्यांच्या लाइनच्या सरळ भागावर दोन गेज लावा, बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या, पंपाचा स्पीड चार वेळा बदला आणि दरवेळी प्रेशरचा फरक आणि फ्लो लिहून ठेवा. मग भिंतीवरचा ताण (व्यास गुणिले प्रेशरचा फरक, भागिले चारपट लांबी) आणि ८ गुणिले वेग भागिले व्यास, हे दोन लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर दरवेळी दहापट वाढणारी मापं असलेला) मांडा, ताण उभ्या अक्षावर. रेषेचा चढ म्हणजे एन. आणि मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पल्प तोच, तापमान तेच, फ्लो लॅमिनार आणि पल्प भिंतीवरून घसरत नसेल तर हीच रेषा कुठल्याही व्यासाला चालते, सूत्र कुठलं घ्यायचं हा वादच नको. रीडिंग गरम पल्पवर घ्या, म्हणजे लाइनमध्ये जितका गरम असेल तितकाच, थंड पल्पचा के जास्त येतो.

मोटर अगदी काठावरचीही घेऊ नका. जेवणाच्या सुट्टीत लाइन भरलेली उभी राहिली की पल्प धरून बसतो, हलायला आधी ठराविक ताण लागतो, तो १० पास्कल जरी धरला तरी नुसतं हलवायलाच पाव बार गेले, शिवाय बेंड आणि व्हॉल्व्ह आहेतच. मी तुमच्या जागी असतो तर दीड बारचा हिशोब धरून लोब पंप (फिरत्या पाकळ्यांनी पल्प पुढे ढकलणारा) घेतला असता, रिलीफ व्हॉल्व्हसकट (प्रेशर फार वाढलं की आपोआप उघडणारा). काकांच्या लाइनची चार रीडिंग आली की इकडे पाठवा, पुढच्या अंकात आपण ती रेषा काढूनच बघू.