पेपरचं बिल भरतोच, मग स्थानिक पत्रकारितेला वेगळी देणगी कशाला?

तुम्ही विचारलंय की घरी पेपर येतो, त्याचे पैसे भरतो, मग ना-नफा वृत्तसंस्थेला वेगळे कशाला द्यायचे. आणि अमेरिकेतल्या तुमच्या भावाचीही देणगी द्यायची इच्छा आहे, ते चालेल का.

मी सहा वर्षं तालुक्याचा वार्ताहर होतो, म्हणून तिथलंच सांगतो. पेपरच्या किमतीत कागद-छपाईचाही खर्च भागत नाही, तो चालतो जाहिरातींवर. आणि तालुक्यात जाहिरात आणतो कोण? बातमीदारच. मला मिळणारं मानधन गाडीच्या पेट्रोललाही पुरायचं नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. दिवाळी, वर्धापनदिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस ही आमची सुगी. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात मी आणली होती. त्यांच्याच मतदारसंघातल्या पाणीयोजनेची टाकी बांधल्यापासून कोरडी होती. ती बातमी माझ्या वहीत तीन महिने पडून राहिली. कुणी दम दिला नव्हता, मीच लिहिली नाही. त्या गावच्या बायका अजून डोळ्यांपुढे येतात.

ती बातमी करायला काय लागलं असतं? माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपये, प्रतींना पानामागे 2 रुपये, मापन पुस्तिका (झालेल्या बांधकामाच्या मोजमापांची नोंदवही) समजावून देणारा एखादा निवृत्त अभियंता, चार-पाच हेलपाटे. अर्जाच्या उत्तराला कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे, तोवर बातमीदाराचं घर चालायला हवं. महाग आहे ते एवढंच, आणि तुमची देणगी लागते ती तिथे.

आपल्याकडे हे जुनंच आहे. 1920 साली 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांना शाहू महाराजांनी 2,500 रुपये दिले होते. तरी ते पत्र काही वर्षांतच बंद पडलं. 1927 साली सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले, लोकांकडे मदत मागितली, पण पैशांची ओढाताण संपली नाही. म्हणून मला एका मोठ्या दात्यापेक्षा दरमहा 100 रुपये देणारे 200 जण मोलाचे वाटतात. त्यांचे 20,000 होतात, तालुक्याच्या गावी एक बातमीदार त्यावर उभा राहू शकतो, आणि त्या 200 जणांतला कुणीही एकटा बातमी अडवू शकत नाही.

तुमच्या जिल्ह्यात असं काम करणारं कुणी असेल तर आधी त्यांना द्या. नसेल तर पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 साली सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ बघा. खेड्यापाड्यांतल्या कामकऱ्यांवर सविस्तर लिहितात, मराठीतही, आणि वाचायला पैसे पडत नाहीत. देणगी ते चालवणाऱ्या काउंटरमीडिया ट्रस्टकडे जाते. कुठेही देताना हिशेब आणि मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर करता का, हे बिनधास्त विचारा. करसवलतीवर मात्र फार विसंबू नका: देणगीवरची, 80जी नावाने ओळखली जाणारी वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2,000 च्या वर रोख दिलेत तर तीही नाही.

भावाचं म्हणाल तर, बातम्या देणाऱ्या संस्थांना परकीय निधी घ्यायला 2010 च्या परकीय योगदान कायद्याने (एफसीआरए) मनाई आहे. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने तो देऊ शकतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्याचे पैसे संस्थेलाच अडचणीत आणतील. तेव्हा पैसे पाठवायच्या आधी त्याला पासपोर्ट कुठला ते विचारून घ्या.