मुंबईत वॉर्ड आणि प्रभाग एकच का?

नाही, एकच नाहीत: प्रभाग निवडणुकीचा, वॉर्ड कारभाराचा. सोसायटीचे अर्ज घेऊन पालिकेत खेपा घालताना हा फरक पाठ झाला. प्रभागाला आकडा असतो. मुंबईत असे २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून येतो (पुण्यासारखं एका प्रभागात चार-पाच जणांचं पॅनल इथे नाही). वॉर्डाला अक्षर असतं, आणि बऱ्याच ठिकाणी पुढे दिशा: दादर, माहीम, धारावी म्हणजे जी-उत्तर, अंधेरी पश्चिम, जुहू, वर्सोवा म्हणजे के-पश्चिम. एका वॉर्डात बरेच प्रभाग मावतात. तिथला प्रमुख सहायक आयुक्त, म्हणजे पगारी अधिकारी. त्याला आपण मत देत नाही. त्यामुळे तुंबलेलं गटार किंवा कमी दाबाचं पाणी यासाठी १९१६ वर फोन केलात तर अक्षर सांगा, ते मालमत्ता कराच्या बिलावर सापडेल. नगरसेवकाच्या कार्यालयात जायचं असेल तर आकडा लागतो.

एवढंच की बोलण्यात लोक सर्रास ‘वॉर्ड नंबर अमुक’ म्हणतात. नंबर आला की प्रभागच समजायचं. पालिकेचं मराठी आणखी गोंधळ घालतं: वॉर्ड ऑफिसच्या पाटीवर ‘विभाग कार्यालय’, पण वॉर्ड पातळीवरच्या नगरसेवकांच्या समितीचं नाव मात्र ‘प्रभाग समिती’! आणि प्रभागरचना बदलली की आकडेही बदलतात, तेव्हा गल्लीतल्या जुन्या फलकावरचा क्रमांक अर्जात उतरवू नका.