पदवीची पार्टी आणि ‘मला काही नको’ म्हणणारी मुलगी

“मुलगी बी.कॉम. झाली. माहेरी-सासरी मिळून पहिली ग्रॅज्युएट. हॉल बघून ठेवलाय, आणि ही म्हणते मला काही नको. आता लोकांना काय सांगू?” भांडुपच्या एक बाई हा प्रश्न घेऊन समुपदेशनाला आल्या. पदवीचे निकाल लागले की थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन पालक येतात. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

आईंनी वहीत 118 नावं लिहून आणली होती. ताट 350 रुपये, म्हणजे नुसतं जेवणच 41,300. पैसे भिशीचे. मुलगी पहिल्या भेटीत शेजारी बसून होती, पण बोलली जेमतेम चार वाक्यं. म्हणून दुसऱ्या भेटीत दोघींशी वेगवेगळं बोलणं झालं, आणि मग ‘नको’मागच्या तीन गोष्टी बाहेर आल्या. भिशीचे पैसे धाकट्या भावाच्या क्लासच्या फीसाठी होते, हे तिला ठाऊक होतं. जिवलग मैत्रिणीला पाचव्या सेमिस्टरची केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. आणि सगळ्यात मोठी भीती एका प्रश्नाची होती: “मग, आता पुढे काय?” नोकरी लागलेली नव्हती. 118 जणांसमोर तेच उत्तर देत फिरायचं, या कल्पनेनेच तिची झोप उडाली होती.

मुलगी नको म्हणते तेव्हा बहुतेक पालकांना तो माज वाटतो किंवा लाजाळूपणा. बहुतेकदा तो दोन्ही नसतो. समारंभात आपली तपासणी होणार, असं तिला दिसत असतं. त्यामुळे “अगं, तुझ्यासाठीच करतोय” हे वाक्य उलटं लागतं. आईंची हौसही खोटी नव्हती. ज्यांनी दहावीनंतर शिक्षण सोडलं, त्यांना लेकीची पदवी चार माणसांत दाखवावीशी वाटणारच. दोघींचं म्हणणं खरं होतं. अडत होतं ते यादीवर.

तिथूनच सुरुवात केली. मुलीने आपली यादी आईची वही न बघता लिहिली: 14 नावं. त्यातली 9 आईच्या यादीतही होती. मग आईंनी आपल्या 118 नावांपुढे खुणा केल्या: ‘यांच्याशिवाय नको’, ‘आले तर आनंद’, आणि ‘त्यांनी बोलावलं होतं म्हणून’. तिसरी खूण सर्वांत जास्त नावांपुढे पडली, आणि ती करता करता आईंचा हात आपोआप मंदावला. पहिल्या खुणेची 35 माणसं निघाली. मुलीला एकच कुटुंब खोडायची मुभा दिली, कारण न विचारता. तिने एका चुलत काकांचं चौघांचं कुटुंब खोडलं. उरले 31, मुलीच्या यादीतले आणखी 5, घरचे 4. एकूण 40. बाकीच्यांकडे पेढे. पाव किलोच्या 30 पुड्या म्हणजे साडेसात किलो. त्या द्यायला आई-वडील जाणार, मुलीने फक्त आजी आणि दोन्ही मामांकडे जायचं.

आमंत्रण नावानिशी द्यायचं, हे इथे फार महत्त्वाचं. “सहकुटुंब या” म्हटलं की 40 चे 60 होतात. तरीही आईंनी फोनवर बोलता बोलता आणखी सहा माणसं वाढवायचं ठरवलंच. ते मुलीला परस्पर कळलं आणि दोन दिवस अबोला. त्यानंतर ती सहा नावं मागे घेतली आणि ठरलं की नवं नाव घालायचं तर आधी तिला विचारायचं. हा नियम पहिल्याच दिवशी ठरला असता तर ते दोन दिवस वाचले असते.

तारखेचं भान हवं. ऑनलाइन निकाल दिसला म्हणून हॉलचे पैसे भरू नयेत. कधी एखाद्या विषयाचे गुण चढलेले नसतात, कधी निकाल राखीव असतो. गुणपत्रिका हातात आली की मगच. रविवार दुपार बाद केली, कारण मेगाब्लॉकमध्ये (रुळांच्या कामासाठी लोकल बंद असतात तेव्हा) पाहुणे कुर्ल्याला अडकतात. शनिवार संध्याकाळी साडेसात, सोसायटीचा हॉल. स्पीकर दहाला बंद करायचा असतो, तेव्हा जेवण साडेआठला वाढायला घ्यायचं. पावसाळ्यात केटररला आधीच विचारून ठेवावं: अतिवृष्टीचा रेड अलर्ट लागला तर किती तास आधी कळवल्यास ॲडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होईल?

जेवण साधं: पावभाजी, तवा पुलाव, गुलाबजाम. 40 जणांना पाव 10 डझन, तयार भाजी सुमारे 8 किलो, पुलावाला तांदूळ अडीच किलो, गुलाबजाम 80, पाण्याचे 20 लिटरचे दोन जार. आई 50 जणांचं सांगणार होत्या, ‘कमी पडायला नको’ म्हणून. दमट हवेत उरलेली भाजी रात्रभर बाहेर राहिली की आंबते, आणि घरच्या फ्रिजमध्ये तो टोप मावत नाही. 40 म्हणजे 40.

आता तो प्रश्न. “पुढे काय?” टाळता येत नाही, पण त्याचं उत्तर आधी बसवता येतं. एक खरं वाक्य आणि लगेच समोरच्याकडे वळणं: “दोन ठिकाणी अर्ज केलेत मावशी, कळलं की आई सांगेलच. तुमचा गुडघा कसाय आता?” हे मनातल्या मनात घोकून उपयोग नाही. भेटीत आई मावशी झाल्या आणि मुलीने ते आठ-दहा वेळा मोठ्याने म्हटलं. पहिल्या दोनदा आवाज अडकला, पाचव्यांदा तिला हसू आलं. आईंनाही काम दिलं: मुलीच्या वतीने “बँकेच्या परीक्षा देतेय ती” असं काही सांगायचं नाही, कोणी तिसऱ्यांदा विचारलं तर “चला, ताटं घ्या” म्हणून उठवायचं.

मैत्रिणीला ग्रुपवर मेसेज न टाकता मुलीने स्वतः फोन केला. बॅनर नाही, टक्क्यांचा उल्लेख नाही, भाषणं नाहीत हे सांगितलं, आणि “नाही आलीस तरी मला राग नाही, आपण दोघी नंतर भेटू” हेही. हे शेवटचं वाक्य गाळू नये. केटी लागलेल्या मुलीला नाही म्हणायची वाट मोकळी हवी. ती आली, साडेनऊला निघाली.

शेवटच्या भेटीत मुलीला विचारलं, तुला स्वतःला काय हवं होतं? वडील बेस्टच्या बसवर कंडक्टर, कित्येक वर्षं फोर्टच्या मार्गावर. तिला ओव्हल मैदानातून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर मागे दिसेल असा त्यांच्याबरोबर एक फोटो हवा होता. हे तिने घरी कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. खर्च लोकलच्या तिकिटाचा. पार्टीच्या आदल्या रविवारी तो काढून झाला.

चुलत काका नाराज आहेत. त्यांच्याकडे वडिलांनी एकट्याने पेढे घेऊन जावं, गणपतीच्या आधी. का बोलावलं नाही याचा खुलासा द्यायचा नाही, मुलीचं नाव मध्ये आणायचं नाही. “घरातल्या घरात केलं” एवढंच सांगून चहा घेऊन यायचं.