पाईप यूजीनचा की फिरोझाबादचा?

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही मूळचे नाशिकचे, गेली अकरा वर्षं अमेरिकेत ओरेगॉनला, यूजीन गावात आहोत. नवरा आणि मी मिळून छोटं दुकान चालवतो, चिप्स-कोल्ड्रिंक, सिगारेट, लॉटरी आणि कोपऱ्यातल्या एका शोकेसमध्ये गांजा ओढायचे ग्लास पाईप (सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलला कॅमेरा तिकडे वळवत नाही). पाईप आत्तापर्यंत इथल्याच एका कारागीर बाईंकडून घेत आलोय, तिचा साधा स्पून (चमच्याच्या आकाराचा पाईप) आम्हाला २२ डॉलरला पडतो. होलसेलवाला तसाच दिसणारा चायनाचा माल ४ डॉलरला देतो. आता नाशिकचे चुलत दीर म्हणतात, फिरोझाबादला ओळख आहे, ३ डॉलरच्या आत बनवून देतो, वर "हॅन्डमेड" लिही आणि वीसला विक. भाडं वाढलंय म्हणून मन डळमळतंय. हे बरोबर आहे का, आणि परवडेल का?
— सौ. व., यूजीन

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट क्लिअर करू, तीन डॉलरचा स्पूनही हातानंच बनतो. मी काही पाईपचा माणूस नाही, पण लॅब ग्लासवेअरच्या एक्स्पोर्टमध्ये तीसेक वर्षं घालवली आणि काम तेच आहे, तीच बोरोसिलिकेट म्हणजे तापायला दणकट काचेची नळी (आमच्या बोलीत बोरो), तोच ऑक्सिजन-प्रोपेनचा टॉर्च, डोळ्यांवर तोच जांभळट डिडिमियमचा चष्मा, जो नसेल तर ज्योतीतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात काच दिसतच नाही. नळी फिरवत फिरवत तापवायची, रंगाची कांडी चढवायची, फुंकर मारून फुगा काढायचा, बाजूनं एक जागा लाल करून आत दाबली की वाटी झाली, शेजारी बोटानं झाकायचं भोक, मागे तोंडाशी धरायची नळी. सरावलेला हात साधा स्पून दहा-पंधरा मिनिटांत उतरवतो, मग तो यूजीनचा असो, चीनचा असो नाहीतर फिरोझाबादचा. म्हणजे २२ आणि ३ मधला फरक मुख्यतः त्या दहा-पंधरा मिनिटांना कुठे किती पैसे मिळतात त्याचा आहे. तुमच्याकडे किमान मजुरीच तासाला १५ डॉलरच्या घरात, वर ऑक्सिजन, शेडचं भाडं, भट्टीचं वीजबिल, आणि दिवसाकाठी दोन-चार पीस फुटतात ते वेगळेच.

आणि त्या बाईंना एकदा सहज विचारा, नळी कुठली वापरता. बहुतेक जर्मनीच्या शॉट कंपनीची किंवा चेक देशातली सिमॅक्स निघेल. रंगीत कांड्या मात्र बहुधा तुमच्याच ओरेगॉनच्या, नॉर्थस्टार आणि ग्लास अल्केमी या दोन्ही कंपन्या पोर्टलँडकडच्या. म्हणजे "लोकल" पाईपमधली काचही समुद्र ओलांडून आलेली असू शकते, लोकल आहेत ते हात.

हे हात तुमच्याच गावात एवढे का, तर त्याला कारण आहे. बॉब स्नॉडग्रास नावाचा ग्लासब्लोअर ग्रेटफुल डेड बँडच्या मागे गावोगाव फिरत पार्किंग लॉटमध्ये पाईप विकायचा, नव्वदच्या सुमारास तो यूजीनला स्थायिक झाला आणि आल्यागेल्याला शिकवत बसला. ज्योतीत चांदी किंवा सोन्याचा कण धरून त्याची वाफ काचेवर बसवायची, ज्याला हे लोक फ्यूमिंग म्हणतात, ती युक्ती या धंद्यात त्यानं रुजवली. असा पाईप वापरून आतून काळा होत गेला की वरचा रंग खुलत जातो. आधी घरी नेलेला फिकट पिवळसर पाईप महिन्यानं निळा दिसायला लागतो, गिऱ्हाईक वेडंच होणार ना.

मग २००३ चा फेब्रुवारी आला. ऑपरेशन पाईप ड्रीम्स नावानं अमेरिकेच्या केंद्र सरकारनं धाडी घातल्या, ५५ जणांवर आरोप ठेवले, कॉमेडियन टॉमी चाँग तर पाईप ऑनलाइन विकले म्हणून नऊ महिने जेलमध्ये जाऊन आला. तेव्हा नाव घालून पाईप बनवणं म्हणजे स्वतःचा पत्ता पोलिसांना देणं. बऱ्याच जणांनी टॉर्च विझवला किंवा गपचूप काम केलं, आणि मला विचाराल तर बिननावाच्या स्वस्त मालाला मोकळं मैदान तिथेच मिळालं. कंटेनरमधल्या पाईपवर कुणाचीच सही नसते.

आता दिरांचा प्रस्ताव. मला तीन ठिकाणी खटकतं.

काच. फिरोझाबाद म्हणजे बांगड्यांचं गाव, तिथली जुनी काच सोडा-लाइम, म्हणजे साधी बाटलीची असते तशी. बोरोचं कामही होतं, नाही असं नाही, पण सॅम्पल एक आणि लॉट दुसरा हे आपल्याकडे नवीन नाही. तापल्यावर सोडा-लाइम बोरोच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून गरम-गार झाली की तडकते. घरच्या घरी चेक करायचंय? भांड्यात शेंगदाण्याचं तेल घ्या आणि बिनरंगाचा तुकडा बुडवा. बोरो असेल तर तो दिसेनासाच होतो, तेल आणि बोरो प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात. सोडा-लाइमची कड तेलातही दिसत राहते.

भट्टी. हे माझं जुनं दुखणं. टॉर्चवरून उतरलेली काच साधारण ५६० डिग्रीला भट्टीत ठेवून हळूहळू गार करावी लागते, ते अ‍ॅनिलिंग नाही केलं तर आत ताण राहतो आणि बाहेरून काहीही कळत नाही. एका सप्लायरनं घाईच्या ऑर्डरीत माझ्या कंडेन्सरची (वाफ गार करायची लॅबची काचनळी) ही पायरी खाल्ली. दिवाळीनंतरची थंडी, भिवंडीचं गोडाऊन, रात्री अकराला पॅकिंग बघायला उभा होतो तर बंद खोक्यातून "टिक्" असा आवाज. मला वाटलं पाल. थोड्या वेळानं परत टिक्. खोकं उघडलं तर पेंढ्यात नीट गुंडाळलेला कंडेन्सर कुणी हातही न लावता मानेपासून वेगळा झालेला. सकाळपर्यंत सत्तावीस गेले. त्या दिवसापासून दोन पोलरॉइड (प्रकाश गाळणाऱ्या) फिल्मच्या मध्ये पीस धरून बघितल्याशिवाय मी माल उचलला नाही, ताण असला की जोडाशी इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. माझी तर प्रयोगशाळेची वस्तू होती, तुमची वस्तू माणूस गरम असताना तोंडाला लावतो, तेव्हा दिरांना पहिला प्रश्न भावाचा नाही, भट्टीचा विचारा.

आणि कस्टम्स. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नशेच्या साधनांची आयात आजही गुन्हा आहे, तुमच्या राज्यात २०१४ च्या मतदानानं गांजा कायदेशीर झाला असला तरी. राज्याच्या कायद्यानं परवानगी दिलेल्याला सूट अशी एक पळवाट त्याच कायद्यात आहे, २०२२ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या गांजा छाटायच्या मशीनच्या केसमध्ये व्यापार न्यायालयानं ती आयातदाराच्या बाजूनं लावली, पण म्हणून पोर्टवरचा प्रत्येक अधिकारी तुमचं खोकं सोडेल असं नाही. वकिलाला विचारल्याशिवाय एक पीससुद्धा मागवू नका, आणि कागदावर "फ्लॉवर व्हास" लिहून पाठवू असं दीर म्हणाले तर फोन ठेवून द्या. शिवाय ड्यूटी. चिनी मालावर जादा ड्यूटी आधीपासून होतीच, ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ती ५० टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची माफीही त्याच महिन्याच्या शेवटी सगळ्याच देशांसाठी बंद झाली. हे दर सारखे हलतात, म्हणून माल निघायच्या आठवड्याचा दर एजंटकडून लेखी घ्या आणि मग हिशोब करा, तीनाचे किती होतात ते.

बरोबर की चूक विचाराल तर बाहेरून आणणं चूक नाही. फिरोझाबादच्या पोरानं टॉर्चवर बसून चार पैसे मिळवले तर मला आनंदच आहे, तोही कारागीरच. चूक आहे ती लपवाछपवी. मेड इन इंडियाचा स्टिकर खरवडायचा आणि "हॅन्डमेड" अशा तऱ्हेनं लिहायचं की गिऱ्हाइकाला वाटावं पलीकडच्या गल्लीत बनलाय. आयात मालावर देशाचं नाव असणं तिथे कायद्यानंच सक्तीचं आहे. दोन कप्पे करा. एकात बाईंचं काम, तिच्या नावाच्या चिठ्ठीसकट. दुसऱ्यात स्वस्त माल, देशाच्या नावासकट, तो तूर्तास बिल देणाऱ्या होलसेलवाल्याकडून थोडाच घ्या. सोमवारी पाईप फोडून बसलेल्या कॉलेजच्या पोराला ४ चाच पाईप १० ला हवा असतो, त्याला २२ चा गळ्यात मारून बाईंचं भलं होत नाही. आणि बाईंना साधे स्पून करायला लावणंच बंद करा, तिथे ती कंटेनरला हरवूच शकणार नाही, तिच्याकडून फ्यूमिंगचे, जरा वेळखाऊ पीस घ्या आणि जास्त भाव द्या.

प्रश्न : सर, मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्लासब्लोइंग वर्कशॉपला ३१ वर्षं होतो, मार्चमध्ये रिटायर झालो. वरच्यासारखे पाईप घरी बनवून परदेशी विकता येतील का? मुलगा म्हणतो खूप पैसा आहे.
— द. के., पुणे

उत्तर : दादा, तुमच्या हाताला पाईप म्हणजे पोरखेळ, ज्यानं व्हॅक्यूम लाइनचे स्टॉपकॉक (काचेच्या तोट्या) जोडलेत त्याला स्पूनचं काय. पण पैसा आहे तो अमेरिकेतल्या नाव झालेल्या आर्टिस्टला, त्यांचे मोठे पीस हजारो डॉलरला जातात. बिननावाच्या एक्स्पोर्टरला पीसमागे दीड-दोन डॉलर, आणि कस्टम्सची वरची सगळी कटकट. त्यापेक्षा फुटलेल्या लॅब ग्लासवेअरच्या रिपेअरीची पाटी लावा. पुणे-मुंबई पट्ट्यातल्या कॉलेजांत आणि फार्मा लॅबमध्ये तुटके कंडेन्सर कपाटात पडून आहेत, रिटायर झालेल्या ग्लासब्लोअरच्या जागी नवीन माणूस सहसा भरत नाहीत, आणि नवा पीस घेण्यापेक्षा जोड लावणं स्वस्त पडतं. आठवड्यातून दोन दिवस टॉर्च पेटवा. जुना डिडिमियमचा चष्मा कॉलेजला परत केला असेल तर मागून आणा, देतील.