डोहाळे नक्की कुणाचे?

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंचा प्रश्न: डोहाळेजेवणात कुणीतरी सांगितलं की 'डोहाळे' हा शब्द 'दोन हृदये' यावरून आला. खरं का? की 'डोह'शी त्याचं नातं आहे?

डोहाशी काही नातं नाही. वाट अशी: दोहद (गर्भारपणातल्या इच्छेसाठीचा संस्कृत शब्द) → दोहल/डोहल → डोहळा, डोहाळा. यात सुरुवातीच्या 'द'चा 'ड' झाला (दोला–डोलणे, दंश–डास आठवा) आणि शेवटच्या 'द'चा 'ल'. बाराव्या शतकातल्या जैन पंडित हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या दोन्ही बदलांच्या नियमांत 'दोहद' नाव घेऊन दिलेला आहे. इथपर्यंत वाद नाही. वाद दोहदच्या मागे काय, यावर आहे.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, त्यातल्या शारीरस्थान या शरीरावरच्या भागात, गर्भाची वाढ महिनेवार दिली आहे. पहिल्या महिन्यात कलल, म्हणजे बुळबुळीत गोळा. दुसऱ्यात तो घट्ट होतो. तिसऱ्यात दोन हात, दोन पाय आणि डोकं यांचे पाच उंचवटे दिसतात. चौथ्यात हृदय स्पष्ट होतं. हृदय हे चेतनेचं ठिकाण, म्हणून गर्भाला आता स्वतःच्या इच्छा होतात आणि त्या आईच्या तोंडून बाहेर पडतात. अशी दोन हृदयांची बाई म्हणजे 'दौहृदिनी'. इच्छा डावलली तर मूल कुबडं, थोटं, लंगडं होतं, हा धाकही तिथेच आहे. चरक द्विहृदयाची ही अवस्था तिसऱ्या महिन्यातच धरतो. (आजच्या हिशेबाने दोघेही उशिरा पोचले: गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी हृदय धडधडू लागतं. आई आणि गर्भ यांचं रक्तही एकमेकांत मिसळत नाही, देवघेव वारेतून होते.)

गर्भात आधी कोणता अवयव घडतो, यावरही सुश्रुतसंहितेत भांडण आहे. शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी. धन्वंतरी निकाल देतो: सगळे एकदमच, पण सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत, कोवळ्या आंब्यात कोय आणि गर कुठे वेगळे दिसतात? युरोपात हाच झगडा फार नंतर रंगला. १६५१ मध्ये इंग्रज वैद्य हार्वेने अवयव एकामागून एक घडतात असं मांडलं, तर १६९४ मध्ये डच शास्त्रज्ञ हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात दुमडून बसलेला चिमुकला माणूसच चितारला.

तर 'दोन हृदये' ही व्युत्पत्ती जुनी आणि मानाची, पण एकमेव नाही. काही कोशकार दोहदचं मूळ 'दौर्हृद' मानतात, म्हणजे मनाची अस्वस्थता, मळमळ. मला दुसरी वाट जास्त साधी वाटते. पहिली वैद्यांनी शब्दाला आपल्या सिद्धांतात बसवून घेतल्यासारखी दिसते. तरी ताईंना कुणी सांगितलं ते थाप नव्हती.

दोहद फक्त बायकांनाच असतात असंही नाही. झाडांनाही असतात. रामटेक म्हणजेच रामगिरी मानलं तर नागपूरहून ५० किलोमीटरवर बसलेला 'मेघदूता'तला यक्ष सांगतो, की घरच्या अशोकाला प्रियेच्या डाव्या पायाची आस आहे आणि बकुळीला दोहदाच्या निमित्ताने तिच्या तोंडची मदिरा हवी आहे. आपल्याकडे मात्र उरलं ते 'भिकेचे डोहाळे'.