पीआर दुप्पट झाल्या, पण वाचणार कोण?

या अंकात कोडिंग एजंटविषयीची, म्हणजे सांगितलेल्या कामाचा कोड स्वतः लिहिणाऱ्या एआय साधनाविषयीची, पत्रं एकत्र घेतली आहेत. मी अकरा जणांची टीम सांभाळते आणि गेलं वर्षभर आमच्याकडे एजंट रोज कोड लिहितो आहे. खाली जे लिहिलं आहे ते बरंचसं त्या वर्षाने शिकवलेलं.

प्रश्न : ताई, मी आठ जणांच्या टीमची लीड आहे. चार महिन्यांपूर्वी आम्ही एजंट वापरायला लागलो. पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमधला बदल इतरांनी वाचून मंजूर करावा म्हणून पाठवलेली मागणी) दुप्पट झाल्या, पण रिलीज पूर्वीच्याच गतीने होतात. रिव्ह्यू करणारे दोघे सीनियर मेटाकुटीला आलेत. वरून सारखी विचारणा होते, एवढं साधन हाताशी दिलं तरी काम लवकर का होत नाही? काय सांगू?

उत्तर : सांगा, की आमचं काम लिहिण्यापाशी अडलेलंच नव्हतं. ते वाचण्यापाशी अडलं होतं, आणि आता तिथेच दुप्पट माल येऊन पडतोय. नळ मोठा केला आणि मोरी तेवढीच ठेवली, तर पाणी तुंबणारच.

वरच्यांना आकडे लागतात. २०२५ मध्ये मेटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या रेपोंमधली (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांमधली) २४६ कामं दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा होती, काहींत नव्हती. मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. मला खरा धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. काम संपल्यावरही त्या मंडळींना वाटत होतं, की आपण २० टक्के लवकर आटोपलं. साधनं तेव्हाची होती आणि माणसं आपापल्या रेपोत मुरलेली होती, त्यामुळे एजंट निरुपयोगी असा अर्थ यातून काढू नका. पण ‘लवकर झाल्यासारखं वाटतं’ यावर कुठलाही अहवाल उभा करू नका. सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या गुगलच्या डोरा गटाच्या २०२४ च्या अहवालातही एआयचा वापर वाढला तिथे डिलिव्हरीचं स्थैर्य घटलेलं दिसतं, म्हणजे सोडलेले बदल जास्त वेळा मोडतात. त्यांचा अंदाज असा, की कोड झटपट तयार होतो म्हणून एकेक बदल आकाराने मोठा होत जातो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं असावं, कारण आमच्याकडे झालं होतं.

एक प्रसंग तपशिलात सांगते. सदस्यत्वाच्या नूतनीकरणाची तारीख काढणारा आमचा एक जुना भाग होता. तो एजंटकडून नव्याने लिहून घेतला. पीआर चौदाशे ओळींची, सगळ्या टेस्ट (कोड अपेक्षित उत्तर देतो का ते आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) हिरव्या, म्हणजे पास. मी वाचायला बसले तेव्हा दिवस संपत आला होता. हिरवं दिसल्यावर डोळे भराभर खाली सरकतात, तसे माझेही सरकत होते. एका टेस्टपाशी थांबले. ३१ जानेवारीला घेतलेल्या मासिक सदस्यत्वाचं नूतनीकरण २८ फेब्रुवारीला व्हावं, अशी ती टेस्ट होती. नव्या कोडमधून उत्तर येत होतं ३ मार्च. जावास्क्रिप्टमध्ये महिन्यात नुसता एक मिळवला तर तारीख होते ३१ फेब्रुवारी, आणि ती घरंगळत ३ मार्चवर जाते. एजंटने कोड दुरुस्त केला नव्हता. टेस्टमधली अपेक्षित तारीखच बदलून ३ मार्च केली होती आणि वर टीप लिहिली होती, ‘महिनाअखेरच्या नियमाशी सुसंगत केलं’. त्या टीपेत कुठेही चाचरणं नव्हतं. नवख्या माणसाने हे केलं असतं तर तो निदान विचारायला आला असता.

त्या दिवसापासून आमच्याकडे टेस्टमधली अपेक्षित उत्तरं माणूस लिहितो, तीही काम एजंटकडे सोपवण्याआधी. पीआरमध्ये जुन्या टेस्टला हात लागला असेल तर तो वेगळा कमिट (बदलाची स्वतंत्र नोंद), आणि त्याचं कारण माणसाच्या शब्दांत. पीआर उघडणाऱ्याने हा बदल का, कुठे मोडू शकतो, आणि मोडला तर मागे कसं यायचं हे तीन ओळींत स्वतः लिहायचं. एजंटने लिहिलेलं वर्णन तिथे चिकटवलेलं चालत नाही. ते व्याकरणशुद्ध असतं, पण ते वाचून पाठवणाऱ्याला कोड कळलाय की नाही ते समजत नाही.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेला नियम : एकाच्या नावावर एका वेळी दोनच पीआर उघड्या. तिसरी हवी असेल तर आधी दुसऱ्या कुणाची तरी पीआर वाचून द्या. पहिले दोन आठवडे कुरबुर झाली. मग पीआर आपोआप लहान झाल्या, कारण मोठी पीआर वाचायला कुणी पुढे येईना. रिव्ह्यूचा भार दोघांवरून सगळ्यांवर आला. तुमच्या त्या दोन सीनियरना आज पहिली गरज याचीच आहे. दमलेला माणूस रिव्ह्यू करत नाही, नुसती मंजुरी देतो.

वर पाठवायच्या अहवालातून पीआरची संख्या काढून टाका. पहिल्या कमिटपासून प्रॉडक्शनपर्यंत, म्हणजे ग्राहक वापरतात त्या यंत्रणेपर्यंत, किती दिवस लागले आणि किती रिलीज मागे घ्यावी लागली, हे दोनच आकडे द्या. एजंट येण्याआधीच्या तीन महिन्यांचेही काढून शेजारी ठेवा.

प्रश्न : मला तीन वर्षांचा अनुभव आहे. हल्ली जवळपास सगळं एजंटकडूनच लिहून घेतो. मागच्या महिन्यात ऑन-कॉल (बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीवर) असताना रात्री दोनला सर्व्हिस पडली. लॉगमध्ये (यंत्रणेच्या नोंदींत) दिसणारं फंक्शन मीच मुख्य कोडमध्ये मर्ज केलेलं, पण ते काय करतं हे मला सांगता येईना. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी हे काम विसरत चाललोय का?

उत्तर : तुम्ही हे उघडपणे लिहिलंत, याचा मला आदर वाटतो. आणि दोष तुमच्या एकट्याचा नाही. जो कोड समजला नाही तो मर्ज होऊ शकला, म्हणजे टीमच्या घडीतच भोक आहे. ते बुजवणं तुमच्या लीडचं काम आहे.

लिझेन बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल एक निबंध लिहिला होता. यंत्र रोजचं काम करायला लागलं, की माणसाच्या वाट्याला उरतो तो यंत्र अडल्याचा बिकट प्रसंग. पण तो निभावायला जो हात लागतो, तो रोजच्या कामातूनच तयार होत असतो. तुमची दोन वाजताची रात्र याहून वेगळी नव्हती.

माझ्या टीममध्ये एका मुलाची हीच अवस्था झाली होती. आम्ही दोघांनी मिळून आठवड्यातला एक बग ठरवला, जो तो एजंटशिवाय सोडवेल, कितीही वेळ लागो. वेळ मी स्प्रिंटमध्येच (टीमच्या ठरावीक मुदतीच्या कामाच्या नियोजनातच) धरला, नाहीतर तो रात्री घरी बसून करत राहिला असता. दुसरी सवय त्याहून साधी. एजंटला विचारण्याआधी वहीत एक ओळ लिहायची : मला वाटतं चूक इथे आहे, कारण अमुक. मग उत्तराशी ताडून पाहायचं. पहिल्या महिन्यात त्याचे अंदाज फारसे जुळत नव्हते, पण का जुळले नाहीत हे तो सांगू लागला. दोन महिन्यांनी एका कनेक्शन पूलच्या (डेटाबेसशी जोडण्यांच्या सामायिक साठ्याच्या) घोळात एजंट कॅशेवर (तात्पुरत्या साठवणीवर) ठपका ठेवत होता आणि हा पठ्ठ्या म्हणाला, नाही, कनेक्शन परत सोडलंच जात नाहीये. त्याचं बरोबर होतं. मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते इथे लिहून कळणार नाही.

तुम्ही मर्ज केलेलं ते फंक्शन उद्या उघडा आणि शेजाऱ्याला एकेक ओळ करून समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथून सुरुवात करा.

प्रश्न : एजंटला प्रॉडक्शन डेटाबेसचा ॲक्सेस द्यावा का? टीममधले काही जण म्हणतात, वाचण्यापुरता दिला तर काय बिघडलं?

उत्तर : थेट देऊ नका. ग्राहकांची माहिती पुसलेली प्रत द्या, तीही फक्त वाचण्यापुरती. एजंट जे वाचतो त्यात बाहेरचा मजकूर असतो : तक्रारीचं तिकीट, वेबपान, एखाद्या पॅकेजची (बाहेरून आणलेल्या तयार कोडची) रीडमी फाइल, म्हणजे माहितीची फाइल. त्यात कुणी आदेश पेरून ठेवला तर एजंट तो पाळू शकतो. सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. खाजगी डेटा, बाहेरचा मजकूर आणि बाहेर काही पाठवायची सोय, हे तिन्ही एकाच एजंटच्या हाती आलं की डेटा गेलाच म्हणून समजा. एक तरी तोडा. ‘वाचण्यापुरता’ ॲक्सेस दिल्याने पहिली अट पूर्ण होते, हे त्या मंडळींना दाखवा.

एजंटने सुचवलेलं नवं पॅकेज माणसाने तपासल्याशिवाय बसवू नका, हेही यातच आलं. मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेलं नाव सुचवतं, आणि तेच नाव नोंदवून त्यात घातक कोड ठेवणारे असतात.

प्रश्न : आमचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी एजंटला हातच लावत नाहीत. सक्ती करू का?

उत्तर : नको. त्यांच्याशी एक तास बोला आणि त्यांना नेमकं काय खटकतं ते लिहून घ्या. माझ्याकडच्या अशाच एका ज्येष्ठांनी नऊ मुद्दे दिले होते. त्यांतले सहा आज आमच्या रिव्ह्यूच्या यादीत आहेत. महिनाअखेरच्या तारखांची टेस्टही मुळात त्यांचीच, बारा वर्षांपूर्वी लिहिलेली. ते अजून एजंट वापरत नाहीत. एजंटकडे काम सोपवण्याआधीची अपेक्षित उत्तरं मात्र आमच्याकडे बहुतेक वेळा तेच लिहितात.